घरात तिघांचे केस गळतायत, तेल कुठलं आणू?

प्रश्न : मॅडम, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. दिवाळीच्या आधी मला डेंग्यू झालता, आता तीन महिन्यांनी केसं मुठीमुठीनं गळायलेत. मिस्टरांचं कपाळ मागं सरकत चाललंय आणि धाकट्या दिराच्या डोक्यात रुपयाएवढी चाई पडलीय. सासूबाई म्हणतात सगळं बोअरच्या पाण्यानं झालंय, एकच तेल आणून तिघांनी लावा. कुठलं आणू?

उत्तर : ताई, कुठलंच नको, कारण तिघांची दुखणी तीन वेगळी आहेत. आणि पाण्याचं म्हणाल तर क्षाराच्या पाण्यानं केस राठ होतात, मधेच तुटतात, मुळापासून गळत नाहीत, नाहीतर तुमच्या अख्ख्या गल्लीला टक्कल पडलं असतं की!

तुमचं तापाचं आहे. मोठा ताप, बाळंतपण, उपाशी राहून केलेलं डाएट, असं काही झालं की खूप केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणून आपल्याला तापाची आठवणच येत नाही. मुळं शाबूत असतात, बहुतेक वेळा सहा महिन्यांत थांबतं. तोवर हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉईड एकदा बघून घ्या.

दिराचं मात्र नीट ऐका. चाईत कीडबीड काही नसते, शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, ती कुणाला लागतही नाही. लसूण घासू नका, कातडी भाजते. चट्टा गुळगुळीत असेल तर स्किनचे डॉक्टर त्यातच स्टिरॉईडची बारीक इंजेक्शनं देतात, कधीकधी लहान चट्टा आपोआपही भरतो. पण खाज, कोंडा, तुटके खुंट दिसले तर तो नायटा असू शकतो, त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या लागतात, आणि तो मात्र पसरतो, तेव्हा कंगवा-टॉवेल वेगळा ठेवा.

मिस्टरांचं आनुवंशिक दिसतंय, आईकडूनही येतं बरं का, उगाच सासऱ्यांना नावं ठेवू नका. ५ टक्के मिनॉक्सिडिल (मूळचं हे बीपीचं औषध!) रोज लावायचं, सुरुवातीला गळती वाढते तिथंच लोक घाबरून सोडतात, फरक कळायला चार-सहा महिने जातात आणि बंद केलं की गळती परत सुरू. फिनास्टेराईडची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली तरच, लैंगिक त्रास होऊ शकतो हे आधी विचारून घ्यावं. तुम्हाला दिवस जायची शक्यता असेल तर तुटकी गोळी हातात घेऊ नका.

सिव्हिलच्या स्किन ओपीडीत आधी दिराला दाखवा, आणि तुम्ही जाताना डेंग्यूचे रिपोर्ट बरोबर न्या.