अहंकार गेला की माणूस देवच होतो का?

प्रश्न: ख्रिश्चन धर्मात पण अद्वैत आहे असं ऐकलं, मग 'मी' संपला की देव आणि आपण एकच का?

उत्तर: इतकं सरळ नाहीये हो. येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रात लिहितो की आता मी जगत नाही, ख्रिस्त माझ्यात जगतो, पण लगेच पुढे 'मी विश्वासाने जगतो' असंही म्हणतो, म्हणजे मी गेला कुठे, फक्त मालकी सोडली! एकहार्ट नावाचा डोमिनिकन या ख्रिस्ती संघाचा जर्मन साधू बराच पुढे गेला, आत्म्याच्या तळाशी देव नि आपण एक असं बोलायचा, तर १३२९ मध्ये पोपने त्याची २८ विधानं काढून १७ पाखंडी ठरवली (तोवर तो बिचारा वारला होता). ऑर्थोडॉक्सवाले (पूर्वेकडचा ख्रिस्ती पंथ) हुशारीने सांगतात, देवाच्या शक्तीत सहभाग मिळतो, मूळ तत्त्व मात्र कधीच हाती लागत नाही. मला हे जास्त पटतं, पण शंकराचार्यांचं अद्वैत इथे शोधायला जाऊ नका.