गाडी उंच झाली, चाक लटकलेलंच

प्रश्न : २०२० नंतरची, नव्या बांधणीची थार सेकंडहँड घेतली. शेतात जाताना धुरा (शेताचा बांध) तिरपा ओलांडावा लागतो, तेव्हा मागचं एक चाक हवेत गरगर फिरतं. म्हणून मागच्या स्प्रिंगांवर दोन इंचांचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या जाड चकत्या) बसवले. चाक अजूनही लटकतंच, वरून आता कुरखेडा-वडसा रस्त्यावर वळणाला गाडी इतकी लवते की बायको बसायला तयार नाही. एक मिस्त्री म्हणतो स्टॅबिलायझरच्या दांड्या काढून फेक, दुसरा म्हणतो कडक स्प्रिंग टाक. कोणाचं ऐकू? (एक शेतकरी, ता. कुरखेडा)

उत्तर : भाऊ, सध्या दोघांचंही ऐकू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत टपावर कॅरिअर अन् त्यावर डीएपीची दोन पोती दिसतात. म्हणजे शंभर किलो थेट टपावर! बायकोचं काही चुकत नाही. वळणावर वजन बाहेरच्या अंगाला ओढलं जातं. ते जितकं उंच, तितकी गाडी जास्त लवणार. पोती आत, खाली ठेवा. कॅरिअर उतरवा.

आता स्पेसर. त्यांनी गाडीचं अंग वर उचललं, पण शॉकप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) होता तेवढाच राहिला. गाडी नुसती उभी असतानाच तो आधीपेक्षा जवळपास दोन इंच उघडलेला. त्यामुळे चाकाला खाली उतरायला जी जागा होती, तीच तुम्ही खर्च केली. पैसे देऊन चाकाची खाली-वर चाल कमी करून घेतली म्हणा ना.

घरी मोजून पाहा. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत टेप लावा. मग जॅक चेसिसखाली लावून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचला, खाली ठोकळे द्या अन् पुन्हा मोजा. दोन्ही मापांतला फरक म्हणजे खाली उरलेली चाल. स्पेसर काढून हेच पुन्हा करा, मग मला पत्र लिहायची गरज उरणार नाही.

दांडीबद्दल मिस्त्री अर्धं खरं बोलतो. ती उजव्या-डाव्या चाकाला एकमेकांशी बांधते. दोन्ही चाकं सोबत वर गेली तर गप्प बसते. एक वर, एक खाली झालं की पिळली जाते अन् विरोध करते. वळणावर हाच विरोध गाडी सावरतो, धुऱ्यावर तोच चाकाला खाली जाऊ देत नाही. कायमची काढलीत अन् वडसा रस्त्यावर अचानक आडवी गाय आली, तर स्टिअरिंगच्या एका झटक्यात गाडी कुठे जाईल सांगता येत नाही. फारच अडलं तर मागच्या दांडीला पिन काढून सुटणाऱ्या लिंक बसवा. सुटलेली दांडी टायरला लागणार नाही अशी वर बांधा, अन् डांबरावर यायच्या आधी पिन परत घाला. विसरभोळ्याने हे करूच नये.

कडक स्प्रिंगचा अनुभव माझा स्वतःचा आहे. माझी जुनी जीप चारही बाजूंना पाट्यांच्या स्प्रिंगांची. तेंदूच्या हंगामात बोद (तेंदूपानांची पोती) वाहायला मी मागे दोन-दोन पाटे जास्तीचे चढवले. लवणं थांबलं, मी खूश. मग एका दुपारी, रिकामी गाडी घेऊन परत येताना, नाल्याच्या तोंडाशीच मागचं चाक वीतभर हवेत. वाकून पाहिलं तर पाटे ताठच, जराही दबलेले नाहीत. एक्सल खाली झुकायला तयारच नव्हता. शेवटी बैलजोडीने ओढून काढली, अन् गावात पोरं आठ दिवस हसली.

जाड शॉकपवरही पैसे घालू नका. शॉकप गाडी किती वेगात लवते ते ठरवतो. लांब वळणावर किती लवते, ते नाही. त्याआधी बुश (सांध्यांतली रबरं) तपासा. रबर फाटलं असेल तर नवीन टाका, पण बोल्ट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या. जॅकवर आवळलं की रबर पिळलेलंच राहतं अन् लवकर फाटतं. लांब शॉकप टाकायचेच झाले तर ब्रेकचा होज पाइप ताणला जात नाही ना, हे चाक लटकवून बघा.

अन् धुरा तिरपा का ओलांडता? सरळ घ्या, दोन्ही चाकं सोबत चढतील. रोजचीच वाट असेल तर तिथे दोन्ही अंगांनी मुरमाचा उतार करून टाका, अर्ध्या ट्रॉलीत भागतं.