आठ महिन्यांच्या नातीला मोबाईलशिवाय कसं रमवायचं?

तुम्ही लिहिलंय की नात सकाळी नऊ ते दुपारी तीन तुमच्याजवळ असते, दहा मिनिटांत कंटाळते आणि शेवटी मोबाईलवर गाणी लावावीच लागतात. यातल्या दहा मिनिटांची काळजी आधी सोडून द्या. या वयात एका वस्तूत दोन-चार मिनिटं मन लागलं तरी पुष्कळ झालं, तुमची नात तर चांगलीच रमते आहे. तिला सहा तास गुंतवून ठेवणारं खेळणं मिळणार नाही. थोड्या थोड्या वेळाने जागा, वस्तू आणि तिची बसण्याची तऱ्हा बदलत राहायची, एवढंच आपलं काम.

म्हणून खेळणी आणण्याआधी घड्याळ बघा. आठ महिन्यांचं बाळ एका झोपेनंतर साधारण अडीच-तीन तास जागं राहतं. त्यातला पहिला तास सोन्याचा. पोट भरलेलं असतं, अंग ताजं असतं, तेव्हा जमिनीवरचे खेळ, नव्या वस्तू, रांगायची खटपट हे सगळं उरकून घ्यायचं. मग मांडीवरचे खेळ, बडबडगीतं, जाड पानांचं चित्रांचं पुस्तक. शेवटच्या अर्ध्या तासात नवं काहीही नको. कडेवर घेऊन खिडकीशी उभं राहा आणि जे दिसेल त्याबद्दल हळू आवाजात बोला. बऱ्याच घरांत नेमकं उलटं होतं. बाळ ताजं असताना नुसतं मांडीवर बसतं, आणि किरकिर सुरू झाली की एकामागून एक खेळणी समोर नाचवली जातात. दमलेल्या बाळापुढे खुळखुळा वाजवला तर ते जास्तच चिडतं.

कंटाळा आणि झोप यांतला फरक डोळ्यांत दिसतो. कंटाळलेलं बाळ इकडेतिकडे बघतं आणि तुमच्याकडे हात पसरतं. झोप आलेलं बाळ तोंड फिरवतं, डोळे चोळतं, कान ओढतं, हातात दिलेली वस्तू लगेच भिरकावतं. अशा वेळी खेळ थांबवून सरळ झोपवायच्या तयारीला लागा.

आता पहिल्या तासाबद्दल. बाळ आधाराशिवाय बसायला लागलं की मी सगळ्यात आधी वस्तूंची टोपली सुचवते. बालशिक्षणात काम केलेल्या एलिनॉर गोल्डश्मीड यांनी ही पद्धत रूढ केली. टोपली बसकी हवी, साधारण 35 सेंटीमीटर रुंद आणि 10-12 सेंटीमीटर उंच. बाळ काठावर रेललं तरी कलंडणार नाही इतकी जड असावी. आत आठ-दहा घरगुती वस्तू ठेवा: स्टीलची वाटी, लहान ताटली, लाकडी पळी, जाड लाकडी कडं, गाठी मारलेला सुती रुमाल, डब्याचं झाकण, कडा न बोचणारी प्लास्टिकची चाळणी. खेळण्यातल्या प्लास्टिकला सगळीकडे एकच स्पर्श असतो. इथे मात्र वाटी गार लागते, लाकूड कोमट लागतं, रुमाल चुरगळतो.

टोपली पुढे सरकवा आणि हातभर अंतरावर गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड जातं, पण ते फार महत्त्वाचं आहे. वाटी हातात आली की आधी तोंडात जाते. मग मनगट फिरतं, वाटीची पाठ दिसते. मग ती दुसऱ्या हातात जाते, एकदा चुकून ताटलीवर आपटते, आवाज होतो, बाळ क्षणभर थबकतं. त्यानंतर आपटतं ते मुद्दाम. बरोबर त्याच वेळी आपण ‘अगं बाई, कसा आवाज झाला!’ म्हटलं की नजर वाटीवरून आपल्याकडे वळते आणि खेळ मोडतो. तिने स्वतःहून वर बघितलं तर मात्र हसा आणि बोला. वीस मिनिटांनी टोपली उचलून नजरेआड करा, वस्तू धुवा आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन बदला. टोपली दिवसभर समोर राहिली तर तिसऱ्या दिवशी तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

टोपलीत काय घालायचं नाही, हेही बघा. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळकांड्यातून जी वस्तू आरपार जाते ती घशात अडकू शकते, म्हणून ती बाद. रंगाचे पोपडे निघणारी, चिरलेली, बारीक भाग सुटणारी वस्तूही बाद. वीतभरापेक्षा लांब दोरी, प्लास्टिकची पिशवी आणि फुगा अजिबात नको. लांब पळी बसल्या जागी ठीक आहे, पण ती तोंडात धरून रांगायला लागली की लगेच काढून घ्या.

वस्तू खाली टाकणं हा खोडसाळपणा नाही. मूठ ठरवून उघडणं ती आत्ताच शिकते आहे. कमरेत वाकून तुम्ही थकाल, म्हणून तिच्या पायांशी मोठं पातेलं ठेवा आणि त्यात टाकू द्या. आवाजही येतो आणि वस्तू लांबही जात नाही.

याच सुमारास लपवाछपवी रंगते. नजरेआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे साधारण आठव्या महिन्याच्या आसपास कळायला लागतं, असं स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मांडलं. आधी तिच्या देखत वाटी रुमालाखाली अर्धी झाका. ती ओढून काढायला लागली की पूर्ण झाका. शोधायचं सोडून ती दुसरीकडे बघायला लागली तर पुन्हा अर्धीवर या. ‘कुक’ करताना रुमाल स्वतःच्या तोंडावर घ्या, तिच्या नव्हे, आणि दर वेळी थांबण्याचा वेळ बदला. तुम्ही खोलीबाहेर पडताच ती रडते तेही याच वयातलं आहे. गुपचूप सटकू नका. सांगून जा आणि आतून बोलत राहा.

मोबाईलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली एक वर्षाखालच्या बाळांना पडदा मुळीच नको असं सांगितलं आहे. आईबाबांशी दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला तर मला त्यात वावगं वाटत नाही. सवय मोडताना पहिले तीन-चार दिवस किरकिर वाढेल. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण तो दिसला की ती मागणारच. गाणं तुम्हीच म्हणा, सुराची चिंता नको. एक ओळ म्हटली की पाच-सात सेकंद थांबा. ती ‘बाबाबा’ करेल, तेच तुम्हीही परत म्हणा. इतकं उलट उत्तर देणारा पडदा अजून निघालेला नाही.

वॉकर घेऊ नका. त्यात पाय नीट टेकत नाहीत आणि पायऱ्यांवरून पडण्याचा धोका मोठा असतो. खुर्चीत किंवा झोळण्यात एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नका. त्याऐवजी चटईवर उपडी ठेवा आणि आवडती वस्तू हाताला जेमतेम लागणार नाही इतकी दूर. रडली तर जवळ सरकवा. पाय उघडे असले की रेटा चांगला मिळतो.

आजी-आजोबांच्या घरात एक धोका हमखास असतो: गोळ्यांचा डबा, पर्समधली स्ट्रिप, उशाखालचं मलम. रोज सकाळी ती येण्याआधी स्वतः जमिनीवर ओणवं होऊन तिच्या उंचीवरून खोली बघा. बटणासारखे चपटे सेल असलेले रिमोट कपाटात ठेवा. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता ताबडतोब रुग्णालय गाठा, कारण दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. पाण्याची बादली रिकामी करून पालथी ठेवा. काही सेंटीमीटर पाणीही जीवघेणं असतं.

झोपवताना पाठीवर, कडक गादीवर ठेवा. उशी नको, मऊ खेळणी नकोत. ती तुमच्या अंगावर झोपली आणि तुमचेही डोळे मिटायला लागले तर सोफ्यावर टेकू नका, तिला तिच्या जागी ठेवून या.

आणि तुमचे गुडघे दुखत असतील तर भिंतीला पाठ टेकून, खाली जाड उशी घेऊन बसा. उचलताना आधी एक गुडघा जमिनीला टेकवा, तिला छातीशी घट्ट घ्या आणि मग उठा. दुखणं फार असेल तर जमिनीवरचा तास घरातल्या दुसऱ्या कुणाला सांभाळायला द्या आणि पुस्तक-गाण्यांचा वेळ तुम्ही घ्या.