हात नको, निर्णय मोज

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. राग तुझ्यावर नाही, त्या एका शब्दावर. तू बनवतेयस तो गेम खेळून पाहणाऱ्या तिघा टेस्टरांनी 'रिपीटेटिव्ह वाटतो', म्हणजे तेच तेच वाटतं, असं लिहिलं, आणि पंधरा दिवसांत तू त्यात मासेमारी, शस्त्रं घडवायची भट्टी आणि घोडा घालायला निघालीस. एक खोली, एक भाला आणि चार प्रकारचे शत्रू एवढ्यावर उभा असलेला गेम आहे तो. त्यात घोडा धावणार कुठे, अगं?

आणि पत्राच्या अगदी शेवटी तू जाता जाता लिहिलंस की मित्रमैत्रिणींमध्ये बोलताना तू म्हणालीस, 'मला मोठ्या नकाशात हवं तिकडे हिंडायचे ओपन वर्ल्ड गेम सगळ्यात एकसुरी वाटतात, फायटिंग गेम अजिबात नाही.' सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, एकाच चौकोनात दोन माणसं दिवसभर एकमेकांना लाथा मारतात आणि तुला ते एकसुरी वाटत नाही? तेव्हापासून हा विषय निघाला की तू 'ज्याची त्याची आवड' म्हणून मोकळी होतेस. माझ्या मते मासेमारी तिथूनच आली. टेस्टर लोकांनी फक्त निमित्त दिलं.

तुझं मत बरोबर आहे. ते का बरोबर आहे हे तुला त्या वेळी सांगता आलं नाही, एवढंच. ते आता नीट समजून घे, कारण ते समजलं नाही तर पुढची दहा वर्षं तू दर टेस्टरच्या दर वाक्याला काहीतरी नवं चिकटवत बसशील. मी बसलो होतो.

गेम एकसुरी आहे का, हे बघताना बहुतेक जण हात मोजतात. किती वेगळी बटणं दाबली, किती वेगळ्या जागा पाहिल्या, किती वेगळी शस्त्रं मिळाली. तू निर्णय मोज. त्या क्षणी खेळणाऱ्यापुढे प्रश्न कोणता आहे, आणि तो मघाच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे का? बाकी सगळं सजावट आहे.

फायटिंग गेमच घे. 1991 च्या स्ट्रीट फायटर टू मध्ये निवडायला पात्रं आठच होती. एक स्क्रीन, एक घड्याळ, दोन माणसं. आता तुझा प्रतिस्पर्धी खाली पडलाय आणि उठतोय. तो ब्लॉक धरून, म्हणजे वार अडवत, उठेल असं वाटत असेल तर थ्रो करायचा, म्हणजे त्याला पकडून आपटायचं. तो थ्रो सोडवायच्या तयारीत असेल तर मारायचं. तो उठता उठता घाईने काहीतरी मारेल असं वाटलं तर अर्धं पाऊल मागे सरून त्याचा वार हवेत जाऊ द्यायचा आणि मग शिक्षा द्यायची. तीन वाटा, त्याही कायमच्या. पण मागच्या दोन्ही वेळी तू थ्रो केला होतास, हे त्याला आठवतंय. आणि त्याला आठवतंय हे तुला माहीत आहे. बटण तेच राहिलं, प्रश्न पार बदलला. तू एका फायटिंग गेममध्ये सहाशे तास घालवलेस ना? त्या सहाशे तासांत तू लाथा मारत नव्हतीस, समोरच्याला वाचत होतीस. हसणाऱ्यांनी फक्त तुझे हात पाहिले.

आता ओपन वर्ल्ड. इथे सरसकट बोलू नकोस, तीच तुझी चूक झाली. 2012 चा फार क्राय 3 तू खेळलीस असं म्हणतेस. त्यात 18 रेडिओ टॉवर आहेत आणि शत्रूच्या 34 चौक्या. टॉवर नीट आठव. प्रत्येकाची मोडतोड वेगळी, शिड्या वेगळ्या, झुलत्या फळ्या वेगळ्या ठिकाणी. बनवणाऱ्याने मेहनत घेतली आहे. पण वर जायची वाट एकच असते. ती शोधायची, चढायचं, मॅप उघडायचा, खाली यायचं. हातांना विविधता आणि डोक्याला सुट्टी. चौक्यांचं उलट आहे. दिसायला सगळ्या सारख्या: झोपड्या, पहारेकरी, धोक्याचा भोंगा. पण आधी भोंगे निकामी करायचे की दुरून एकेक टिपायचा? पिंजऱ्यातला वाघ मोकळा सोडला तर तो कुणावर जाईल? भोंगा वाजला आणि कुमक आली, तर पळायचं की थांबायचं? पुढे पॅच, म्हणजे गेममधली सुधारणा, आला तेव्हा जिंकलेल्या चौक्या पुन्हा शत्रूच्या ताब्यात देऊन परत लढायची सोय झाली, कारण लोकांना त्या पुन्हा खेळायच्या होत्या. टॉवर पुन्हा चढायला मिळावेत म्हणून कुणी हट्ट धरल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही. म्हणजे जे खरोखर पुन्हा पुन्हा घडतं तेच लोकांनी मागून घेतलं. एकाच गेममध्ये दोन्ही गोष्टी आहेत, म्हणून जॉनरचं, म्हणजे गेमच्या प्रकाराचं, नाव घेऊन भांडू नकोस. निर्णय मोज.

मित्रमंडळींना न आवडणारी आणखी दोन मतं देतो. तुला पटली तर वापर, नाही पटली तर मला लिही, पण 'ज्याची त्याची आवड' असं लिहू नकोस.

पहिलं रोगलाइकबद्दल. हरलं की पहिल्यापासून सुरू करायचे, 'रोग' (Rogue) या गेमच्या धाटणीचे हे गेम. 1980 च्या त्या 'रोग'पासून एक समजूत चालत आली आहे की दर वेळी नकाशा नव्याने तयार झाला की गेम शिळा होत नाही. मला हे कधीच पटलेलं नाही. खोल्यांची जागा बदलली म्हणजे प्रश्न बदलला असं नव्हे. तीस तासांनंतर कुठली दोन शस्त्रं मिळाली की जिंकलोच हे कळलं असेल, तर पुढची प्रत्येक फेरी ती दोन शस्त्रं कधी पडतात याची वाट बघण्याची असते. स्ले द स्पायर हा पत्त्यांनी लढायचा रोगलाइक टिकला तो त्यातल्या नशिबामुळे नाही. लढाई संपली की तीन पत्त्यांतून एक घ्यायचा किंवा एकही घ्यायचा नाही, आणि चांगला पत्तासुद्धा नको म्हणण्यात खेळाचा अर्धा कस आहे. गड्डी जाड झाली की हवा तो पत्ता वेळेवर हातात येत नाही. शत्रू पुढच्या चालीत काय करणार हेही आधीच दिसतं, म्हणजे हरलीस तर बोट स्वतःकडेच वळतं. तिथे नशीब दर वेळी नवा प्रश्न मांडतं. बऱ्याच रोगलाइकमध्ये ते नुसता पडदा बदलतं.

दुसरं मत ऐकून तर माझ्याशी दोन माणसं चिडून बोलायची थांबली होती. 2006 च्या फायनल फँटसी 12 मध्ये गॅम्बिट नावाची पद्धत आहे. साथीदारांनी केव्हा काय करायचं याचे नियम तू आधीच लिहून ठेवतेस: कुणाची शक्ती निम्म्याखाली गेली तर औषध, शत्रू उडणारा असेल तर अमुक वार. मग ते आपापले लढतात. लोक म्हणाले, हा गेम स्वतःलाच खेळतो. मी म्हणतो, त्या मालिकेतल्या सगळ्यात कमी एकसुरी लढाया याच आहेत. जुन्या पद्धतीत दर दहा पावलांवर लढाई, दर लढाईत 'अटॅक', 'अटॅक', 'अटॅक'. मी त्यांवर प्रेम केलंय, त्या संगीतावर अजूनही करतो, पण तिसऱ्या तासानंतर त्यांत ठरवायचं काय उरतं? गॅम्बिटमध्ये तोच 'अटॅक' एकदाच लिहून ठेवायचा आणि डोकं मोकळं करायचं नियम कुठे तुटतो ते शोधायला. हातांना काम नाही म्हणून लोकांना वाटलं खेळच नाही. पुन्हा तेच, हात मोजणं.

आता माझी गोष्ट. ती तुला कधी सांगितली नव्हती.

मी ज्या लहान चमूत होतो तिथे आमचाही असाच एक गेम होता. एक तलवार, खाली खाली उतरत जाणारा एक जिना, पाच शत्रू. चाचणीत लोकांनी तुझ्या टेस्टरांचाच शब्द लिहिला. आम्ही घाबरलो. आठ महिने घालवून आम्ही त्यात होडीतून पाठलागाचा एक भाग घातला, लपून जायचा एक भाग घातला, आरशांनी प्रकाश वळवायची कोडी घातली. यातलं एकही काम वाईट केलं नव्हतं. गेम बाहेर आला आणि लोकांनी काय लिहिलं? रिपीटेटिव्ह. वर आणखी लिहिलं की काय बनवायचं होतं ते यांनाच ठाऊक नाही.

खरं कारण मला तिसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. आमच्या नायकाची मागे उडी मारायची चाल फुकट होती. तिला दम लागत नव्हता, तिच्यानंतर अडकायला होत नव्हतं. मागे उडी, पुढे वार, मागे उडी, पुढे वार. पाचही शत्रूंना हेच एक उत्तर. प्रश्न पाच होते, पण उत्तर एकच असलं की प्रश्नही एकच होतो. उडीनंतर अर्धा सेकंद नायक जमिनीला खिळला असता, तर तो जिना वेगळाच झाला असता. मी हे बैठकीत एकदा म्हणालो. कुणीतरी म्हणालं, लोकांना ती उडी आवडते. आणि मी गप्प बसलो. चांगल्या स्वभावाचा, जुळवून घेणारा म्हणून मला तिथे ओळखायचे आणि मला ती ओळख जपायची होती. आठ महिने मी आरशांची कोडी काढत बसलो आणि रोज मला माहीत होतं की खोट उडीत आहे.

त्यानंतर मी बदललो. लोक म्हणतात त्यानंतर मी फार हट्टी झालो, आणि पुढे दोन चमू मी अशाच भांडणांवरून सोडले हे खरं आहे. एका ठिकाणी तर माझ्या बाजूने बोलणाऱ्या एकुलत्या एक मुलीवरही मी आवाज चढवला, त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. पण मुद्द्यावरून मी मागे हटायला हवं होतं असं मला वाटत नाही. दोन्ही वेळा मी एकच विचारत होतो: या नव्या भागात खेळणारा नवं काय ठरवतो? दोन्ही वेळा कुणी उत्तर दिलं नाही, माझ्या सुरावर बोलले. सूर चुकला असेल. प्रश्न चुकला नव्हता.

तुझ्याकडे वळतो. तू लिहिलंयस की तुझे चारही शत्रू भाल्याच्या टोकावर मरतात, कुणाला दोन वार लागतात, कुणाला चार, आणि मोठ्याला दहा. हे वाक्य तू स्वतः लिहिलंस आणि तरी तुला दिसलं नाही? दहा वार लागणारा शत्रू म्हणजे दोन वारांचा शत्रूच, फक्त लांबवलेला. तुझ्या टेस्टरांना जे जाणवलं ते खरं आहे. त्यांना रोग दिसत नाही, दुखणं कळतं, आणि तेवढंच त्यांचं काम असतं. औषधही त्यांनीच सांगावं अशी अपेक्षा का धरतेस?

1980 चा पॅकमॅन उघड आणि तासभर फक्त भुतं बघ. पहिल्या लेव्हलपासून शेवटपर्यंत चक्रव्यूह एकच आहे. चार भुतं, सगळ्यांना एकच काम, तुला पकडणं. पण लाल भूत थेट तुझ्या मागे येतं. गुलाबी तू ज्या दिशेला निघालीस तिथे चार घरं पुढचा अंदाज घेऊन आडवं येतं. निळं कुठे जाणार हे तू आणि लाल भूत कुठे आहात यावर ठरतं, म्हणून ते वेडंवाकडं वाटतं. आणि नारिंगी दूर असताना तुझ्याकडे येतं, आठ घरांच्या आत आलं की आपल्या कोपऱ्याकडे फिरतं. एक जोराने ढकलतं, एक वाट अडवतं, एक गोंधळात टाकतं, एक हूल देतं. चौघं एकत्र आले की तोच कोपरा दर वेळी नवा होतो. तुझ्याकडेही एक खोली आणि चार शत्रू आहेत. इतकं सरळ आहे हे.

भाला लांब असतो. मग जो भाल्याच्या आत शिरला की धोकादायक होतो असा शत्रू कुठे आहे? जो भाला पकडून ठेवतो तो कुठे आहे? भाला फेकला तर हात रिकामा राहतो, मग फेकायचा की नाही हा प्रश्न तू अजून विचारलेलाच नाहीस. स्ट्रीट फायटर टू मधले कॉम्बो, म्हणजे एकाला जोडून एक बसणारे वार, कुणी आधी ठरवून ठेवले नव्हते. खेळाच्या वेळेच्या गणितातून ते आपोआप निघाले, बनवणाऱ्यांना ते चाचणीत दिसले आणि त्यांनी ते राहू दिले. तुझ्या भाल्यातही काहीतरी दडलेलं असेल. मासे पकडत बसलीस तर ते कधी दिसायचं?

शांत, तेच ते करायला आवडणारे लोक असतात, हेही तू लिहिलंस. असतात. स्टार्ड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये माणसं शंभर तास पिकांना पाणी घालतात. पण तिथे ऋतू 28 दिवसांचा, दिवसाला शक्ती ठरलेली, आणि ऋतू पालटला की बहुतेक उभं पीक मरतं. पाणी घालणं हे हाताचं काम आहे. आज काय पेरायचं आणि काय सोडून द्यायचं हे सकाळीच ठरलेलं असतं. तिथेही निर्णय मोज, सापडतील.

कितव्यांदा म्हणतोय हे मला माहीत आहे. मी हे एकदाच म्हणून थांबलो होतो, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

तर एक वही घे. तुझा गेम स्वतः खेळ आणि दर अर्ध्या मिनिटाला थांबवून एक ओळ लिही: आत्ता मी काय ठरवत होते? 'शत्रूला मारत होते' हे उत्तर चालणार नाही. 'उजवीकडच्याला आधी मारू की दाराकडे सरकू' हे चालेल. मग मासेमारी, भट्टी आणि घोडा काढलेली आवृत्ती मला पाठव, आणि वहीच्या पानांचे फोटो. ज्या ओळींत लिहायला काही सापडलं नाही त्या कोऱ्याच ठेव, मागाहून भरू नकोस. मला आधी त्याच बघायच्या आहेत.