वाचकांचे प्रश्न : पतसंस्थेतली आधारची झेरॉक्स

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे चार हजारांवर सभासद आहेत. डेटा संरक्षण कायद्यासाठी संवेदनशील माहितीची वर्गवारी करा, असं लेखापरीक्षकांनी सुचवलंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 'संवेदनशील' असा वेगळा गटच नाही. माणूस ओळखू येईल अशी सगळी डिजिटल माहिती त्यात येते. (नुसता कागद येत नाही, स्कॅन केला की येतो.) वर्गवारी करायची ती कुठे किती भक्कम कुलूप लावायचं हे ठरवण्यापुरती. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. तयारी त्याआधी उरका.

तक्ते आखण्याआधी एका कर्जप्रकरणाचा माग काढा. सभासदाने व्हॉट्सअ‍ॅपवर आधार पाठवलं, ते क्लार्कच्या स्वतःच्या फोनच्या गॅलरीत उतरलं, तिथून आपोआप गूगल फोटोजमध्ये. मग प्रिंटसाठी 'डाउनलोड्स'मध्ये, पेनड्राइव्हवर, शेवटी फाइलीत. प्रती पाच, कुलूप एकीलाच. जामीनदाराचे कागदही याच वाटेने जातात. ही वाट लिहून काढलीत की अर्धं काम झालं.

वर्गवारीला पायऱ्या चार पुरतात. जाहीर म्हणजे वार्षिक अहवाल. अंतर्गत म्हणजे परिपत्रकं. नाव-पत्ता, मोबाइल, शिल्लक हे गोपनीय. आधार, पॅन, बोटांचे ठसे, थकबाकी, आजारपणाचे कागद अतिगोपनीय. फाइलची पायरी तिच्यातल्या सर्वांत नाजूक रकान्यावरून ठरते, आणि घोळ होतो तो इथेच. पिग्मी एजंटच्या यादीला नाव, खाते क्रमांक आणि रक्कम पुरते. पण एक्सेलमध्ये पॅनचा रकाना नुसता 'हाइड' केलेला असतो, दोन क्लिकांत उघडतो. तो काढूनच टाका. सगळ्यावरच 'अतिगोपनीय' शिक्का मात्र नको. काम अडायला लागलं की आठवड्याभरात सगळं ऑफिस एकाच पासवर्डवर येतं.

आधारची मास्क केलेली प्रत मागा, तिच्यात शेवटचे 4 अंकच दिसतात. झेरॉक्सवर मार्कर फिरवलात तर उजेडात धरल्यावर आकडे वाचता येतात. पट्टी चिकटवून पुन्हा झेरॉक्स काढा. क्यूआर कोडही झाका, त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो सगळं असतं.

लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजमधलं, डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारं साधन) चालू करा. त्याची 48 अंकी रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावर कुलूप उघडणारा क्रमांक, छापून तिजोरीत ठेवा. ती त्याच लॅपटॉपमध्ये ठेवणारे महाभाग असतात! कोणी कोणती फाइल उघडली याची नोंद किमान एक वर्ष जपावी लागेल. माहिती फुटलीच, तर सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) 6 तासांत कळवायचं, हे बंधन 2022 पासूनच आहे. नवे नियम पूर्ण लागू झाले की डेटा संरक्षण मंडळाला आणि संबंधित सभासदांना विनाविलंब, आणि मंडळाला सविस्तर तपशील 72 तासांत. या सगळ्या पत्रांचे मसुदे आधीच तयार ठेवा. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याचा दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

प्रश्न : थकबाकीदारांची यादी सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली तर चालेल का?

उत्तर : नको. सहकार कायद्याच्या कलम 32 नुसार सभासदाला संस्थेच्या पुस्तकांतले स्वतःचे व्यवहार पाहता येतात, शेजाऱ्याचे नाहीत. वसुलीसाठी कलम 101 चा वसुली दाखला आहे, तो निबंधकांकडे मागा. यादी आधीच टाकली असेल तर 'डिलीट फॉर एव्हरीवन' करून भागणार नाही. ती कोणाकोणाच्या फोनमध्ये उतरली, ते विचारून लिहून ठेवा.