यील्डला 'उतारा' म्हटलं तर लोक हसतील का?

काल रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज. ती इथे बडोद्यात कलाभवनात केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि पुढच्या रविवारी दांडिया बाजारात मराठी मंडळींसमोर तिला आपल्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायचंय, तेही मराठीत. प्रश्न असा: "मामा, यील्डला काय म्हणू? हिंदी नोट्समध्ये लब्धि आहे, आजोबा म्हणतात सरळ उतारा म्हण. पण उतारा तर सातबाराचा असतो ना? हसतील सगळे."

फोनवर 'म्हण बिनधास्त' एवढंच सांगितलं होतं, पण झोपताना लक्षात आलं की तेवढ्याने भागणार नाही, म्हणून तिला सविस्तर लिहितोय. (यील्ड म्हणजे घातलेल्या कच्च्या मालातून हवा तो माल किती निघाला, ते प्रमाण.)

उतारा म्हणजे जे उतरलं किंवा उतरवलं ते. रजिस्टरातून उतरवलेली नक्कल म्हणून सातबाराचा उतारा, पुस्तकातून उतरवून घेतलेला मजकूर तोही उतारा, विष उतरवतं ते औषध उतारा, दृष्ट काढून तिठ्यावर ठेवलेला लिंबू-नारळ उतारा. शिवाय आपण बडोदेकर, त्यामुळे शेजारच्या लग्नात 'जाननो उतारो क्यां छे' हे ऐकत मोठे झालो, तिथे तो वऱ्हाडाचा मुक्काम. म्हणजे शब्दावर गर्दी आहे हे खरं. पण कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही ऊसवाल्याला विचार, उतारा म्हटलं की त्याला आधी साखरच आठवेल. शंभर किलो ऊस गाळला आणि साडेदहा किलो साखर निघाली तर उतारा साडेदहा टक्के. २०२२-२३ च्या हंगामापासून उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्यावर ठरते, म्हणजे लाखो शेतकऱ्यांचे पैसे या एका शब्दावर अवलंबून आहेत. इतका राबता शब्द घरात असताना लब्धी कशाला? लब्धी ऐकलं की मला तरी कुणाला तरी सिद्धी प्राप्त झाली असं वाटतं. 'उत्पन्न' म्हणशील तर समोरचे काका इन्कम टॅक्सचा विचार करतील, आणि 'उत्पाद' म्हणजे प्रॉडक्ट, ती वेगळी गोष्ट.

आता अडचण. साखरेचा उतारा हा आत घातलेल्या मालाच्या वजनावर काढतात. उसात पाणी आहे, चोथा आहे, सगळं धरून. रसायनातला यील्ड बहुतेक वेळा जास्तीत जास्त किती निघू शकलं असतं त्याच्यावर काढतात. दोन्ही टक्केच, पण भागायचा आकडा वेगळा. बेंझिनपासून नायट्रोबेंझिन घे. ७८ किलो बेंझिनपासून अगदी एकही रेणू वाया न जाता १२३ किलो नायट्रोबेंझिन होईल, कारण नायट्रो गटाचं वजन वरून चढतं. समज प्रत्यक्षात ११७ किलो मिळालं. साखरवाल्याच्या हिशोबाने उतारा ११७ भागिले ७८, म्हणजे १५० टक्के! वर्गातल्या हिशोबाने ११७ भागिले १२३, म्हणजे साधारण ९५ टक्के. मी नोकरीला नवीन लागलो तेव्हा शिफ्टच्या वहीत असा दीडशे टक्क्यांचा आकडा बघून ऑपरेटरला चूक दाखवायला गेलो होतो, त्याने शांतपणे विचारलं, साहेब, वजनावर की थिअरीवर? तेव्हापासून मी 'वजनी उतारा' आणि 'सैद्धांतिक उतारा' असे दोन शब्द वापरतो, तूही वापर. नुसता उतारा म्हणालीस की पहिल्यांदा एकदा सांगून टाक कुठला ते.

दुसरी गल्लत याहून मोठी, आणि ती तुझ्या वर्गातली पोरंपण करत असतील. कन्व्हर्जन आणि यील्ड एकच समजणं. कन्व्हर्जनला रूपांतर म्हण (नाटकवाले रागावणार नाहीत). १०० मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप) घातले, ८० बदलले, त्यातले ६० हव्या त्या मालाचे झाले आणि २० नको त्या कचऱ्याचे. रूपांतर ८० टक्के. बदललेल्या ८० तले ६० कामाचे, ही सिलेक्टिव्हिटी ७५ टक्के. घातलेल्या १०० वर ६० मिळाले, हा उतारा. ०.८ गुणिले ०.७५ बरोबर ०.६, जुळलं. काही पुस्तकं मात्र त्या ७५ लाच यील्ड म्हणतात, म्हणजे बदललेल्या मालावर काढलेला, म्हणून परीक्षेत आधी व्याख्या लिही मग आकडा. सिलेक्टिव्हिटीला पुस्तकी शब्द निवडकता. मला बोलताना 'कल' आवडतो, अभिक्रियेचा कल कुठल्या मालाकडे आहे, पटकन समजतं. आणि रूपांतर कमी म्हणजे प्लांट वाईट असंही नाही. तिकडे फर्टिलायझरनगरला, खताच्या कारखान्यात, अमोनिया होतो, त्या अभिक्रियेत एका फेरीत साधारण १५ ते २५ टक्केच वायूचं रूपांतर होतं, बाकीचा परत फिरवतात, आणि शेवटी जवळजवळ सगळ्याचा अमोनिया होतो.

आता खरी मजा. उताऱ्याला साखरेचा शब्द लावायला माझ्याकडे अजून एक कारण आहे. अभिक्रियेचा वेग मोजण्याचं शास्त्रच साखरेपासून सुरू झालं. १८५० मध्ये विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसाने आम्लात साखर कशी फुटते ते मोजलं. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणारा प्रकाश, उजवीकडे वळवतं, ती फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झालं की डावीकडे, म्हणून त्या फुटण्याला इन्व्हर्जन, उलटणं म्हणतात. त्याला दिसलं की वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात आहे. तुझी फर्स्ट ऑर्डर ती हीच. आणि हेच उलटणं कारखान्याचा उतारा खातं, तोडलेला ऊस दोन दिवस उन्हात पडला की साखर फुटायला लागते, म्हणून तर रसात चुना घालून आम्लपणा मारतात.

गुऱ्हाळातला गुळव्या काहील कधी उतरवायची हे बघत बसतो. आधी उतरवली तर गूळ धरत नाही, उशीर झाला तर काळा पडतो. ए पासून बी आणि बी पासून सी, मधला बी हवा, हे तुझं गणित म्हणजे त्याचीच गोष्ट. दोन्ही पायऱ्यांचा वेग स्थिरांक सारखा धर, म्हणजे दोन्ही पायऱ्या मुळात सारख्याच झपाट्याच्या. एकदाच भरून योग्य वेळी थांबवलेल्या बॅचमध्ये, किंवा लांब नळीच्या रिॲक्टरमध्ये, बी चा उतारा जास्तीत जास्त ३६.८ टक्के येतो. सतत ढवळत, सतत भरत आणि सतत काढत राहणाऱ्या टाकीत २५ च्या वर जात नाही. का? काहिलीत एकीकडून ताजा रस ओतत राहा आणि दुसरीकडून काढत राहा, काही रस आला तसा बाहेर जाईल, काही तळाशी करपेल. सरासरी वेळ बरोबर असून उपयोग नाही. हे उदाहरण भाषणात घे, समीकरण लिहावं लागणार नाही. आणि रूपांतर वाढत असताना उतारा घटू शकतो हेही त्यातच कळतं, कारण वेळ गेल्यावर ए तर संपत असतो पण बी पण संपत असतो.

शब्द जमवायची बडोद्याची खोड जुनीच आहे. कलाभवन १८९० चं, आणि १९३१ मध्ये सयाजीरावांनी कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला, तेव्हा दांडिया बाजारात तुला शब्दावर अडवणारा एखादा भेटेलच. त्याला सांग, आमच्या घरात गुजराती, हिंदी, मराठी तिन्ही चालतात, पण साखर मराठीतच गाळतो.

तुझा दुसरा मेसेज आत्ता बघितला, रिॲक्टरला काय. रिॲक्टरच म्हण. भट्टी म्हणालीस की निम्मे लोक अणुभट्टी समजतील आणि मागच्या रांगेतले उरलेले दारूची, आणि मग खरंच हसतील.