सोळा ओळींतलं माहेर

*ताई, मी ५१ वर्षांची. चिंचवडला राहते, घरी ब्लाउज शिवते. मशीनवर बसल्यावर ओळी सुचतात, त्या मापांच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवते. दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने मला व्हॉट्सॲपवरच्या काव्यसमूहात घेतलं. तिथे दर महिन्याला विषय देऊन स्पर्धा होते. मला तीनदा उत्तेजनार्थ सन्मानपत्र मिळालंय. या वेळचा विषय आहे 'माहेर', सोळा ओळींची मर्यादा, आणि पाच दिवस उरलेत. माझ्या दोन कविता तयार आहेत. पहिली अष्टाक्षरी आहे, तिची सुरुवात अशी:*

*माझ्या माहेराच्या दारी*
*तुळशीचे वृंदावन*
*आई उभी वाट पाहे*
*डोळ्यांत तिच्या श्रावण*

*मिस्टरांना ही आवडली. दुसरी एका रात्रीत उतरली. तिला छंद नाही. मधल्या ओळी अशा:*

*वकिलानं बोट ठेवलं, इथं, इथं आणि इथं.*
*मी सही केली. तीच,*
*पाटीवर दादानं माझ्याकडून गिरवून घेतलेली.*
*घरी आल्यावर वहिनीनं*
*चहात साखर जरा जास्तच घातली.*

*शेवटच्या दोन ओळी: 'भाऊ कसला, सावकार तो, / माहेर माझं गिळून बसला.'*

*माझं माहेर खटाव तालुक्यात. लग्न ९३ सालचं. २००९ मध्ये दादाने हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं. तो काही बोलला नाही, मीही काही विचारलं नाही. आई होती तोवर जाणं-येणं होतं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. दारात शेवगा होता, तोही स्लॅबचं घर बांधताना काढला. दादाची मुलगी, माझी भाची, त्याच समूहात आहे. ती वाचेल, दादापर्यंत जाईल. मिस्टर म्हणतात, घरातलं चव्हाट्यावर कशाला? मुलाने दुसरी कविता फोनवरच्या एआयकडून नीट करून घेतली. आता अक्षरं बरोबर बसतात, चहाच्या जागी 'गोड चहाच्या वाफेत विरली सगळी नाती' असं आलंय. पण ती वाचून मला काहीच होत नाही. मी भावाची बदनामी करतेय का? कोणती पाठवू?*

*— माहेरवाशीण, चिंचवड*

ताई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी दोन्ही कविता मोठ्याने वाचल्या. अष्टाक्षरीची अक्षरं बोटांवर मोजली, आठाला आठ, कुठेही चूक नाही. दुसरी वाचताना 'पाटीवर दादानं' या ओळीला थांबले आणि तिथून पुढे जायला मला वेळ लागला.

माझं मत आधी सांगते: दुसरी पाठवा. मात्र शेवटच्या दोन ओळी काढून.

तुम्ही विचारलंय, मी भावाची बदनामी करतेय का. त्या दोन ओळी सोडल्या, तर नाही. तुम्ही लिहिलंय काय ते पुन्हा एकदा परक्याच्या नजरेने वाचा. ज्या सहीने तुमचा हक्क गेला ती सही तुम्हाला त्याच भावाने शिकवली होती. म्हणजे कधीतरी संध्याकाळी, कंदिलापाशी म्हणा, ओसरीवर म्हणा, एक मोठा भाऊ धाकटीचा हात हातात धरून पाटीवर तिचं नाव गिरवून घेत होता. तुमच्या कवितेत तो भाऊ आहे. आणि इतक्या वर्षांनंतर सहीला बोलावणाराही तोच आहे. दोघांना तुम्ही एकाच ओळीत बसवलंत, आणि एकालाही खोटं पाडलं नाहीत. बदनामी करणाऱ्या माणसाला पाटी आठवत नाही. तुम्हाला आठवली, कारण तुमचा त्याच्यावर जीव आहे आणि तो जीव इतक्या वर्षांत गेलेला नाही.

वहिनीचंही तसंच. जास्त साखर घालणारी बाई दुष्ट नसते. तिला त्या दिवशी तुमच्यासमोर उभं राहणं जड गेलं असावं. तुम्ही तसं लिहिलं नाहीत, पण चहात ते उतरलंय. वाचणाऱ्याला कळतं.

मग 'सावकार' आणि 'गिळून बसला' कशाला हवं? भावाची भीड म्हणून त्या ओळी काढा असं मी म्हणत नाही. सही, बोट, साखर एवढ्यात सगळं येऊन गेलंय, पुन्हा ओरडून सांगायची गरज उरली नाही. त्या दोन ओळी कवितेच्या नाहीत. त्या दादाला लिहायच्या पत्रातल्या आहेत. तसं पत्र लिहावंसं वाटत असेल तर जरूर लिहा, त्याच्या नावाने, पाकिटात घालून. शंभर-दोनशे अनोळखी माणसांच्या हाती ते देऊ नका. त्यांच्या हाती कविता द्या. मिस्टरांच्या चव्हाट्याच्या शंकेला माझं उत्तर हेच आहे. कवितेत गावाचं नाव नाही, दादाचं नाव नाही, किती गुंठे ते नाही. आहे ते एका बाईचं मन, आणि ते तुमच्या मालकीचं आहे. त्यावर कुणी हक्कसोडपत्र लिहून घेतलेलं नाही.

शिवाय माहेराबद्दल गोडच बोलायचं ही रीत आपल्याकडे जुनी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त आहेत त्या, आणि त्यातल्या कितीतरी आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. एखादी दुपार काढा आणि बंधूवरच्या ओव्या ऐका. भाऊ चंद्रासूर्यासारखा, भाऊ आला की अंगणात उजेड, आणि त्याच गळ्यातून भावजयीच्या कपाळावरची आठी, आई गेल्यावर परकं झालेलं दार. बहीण भावाकडे मागते काय, तर चोळी. शेतात वाटा ती सहसा मागत नाही. या ओव्या बायका पहाटे जात्यावर म्हणायच्या, आणि घर जागं असेल तर घर ऐकायचं. सासूही ऐकायची. कुणी त्यांना घरातलं बाहेर काढलं असं म्हटलं नाही. तुमची दुसरी कविता त्या बायकांच्या रांगेतली आहे. तिला छंद नसला तरी.

आता पहिलीबद्दल, आणि हे मी मायेने लिहितेय. तुमच्या माहेरी वृंदावन होतं का हो? तुमच्या पत्रात तुळस कुठेच नाही, शेवगा आहे. विषय 'माहेर' असला की निम्म्या कवितांच्या दारात तुळस उगवते. अशा एका स्पर्धेचं परीक्षण मी केलं होतं, विषय 'आई' होता. पन्नासेक कविता वाचल्या, बऱ्याचशांत पदर, घास, देव्हारा आणि समई. लिहिणारी माणसं सच्ची होती, भावना खऱ्या होत्या, पण शब्द सगळ्यांनी एकाच कपाटातून काढले होते. एका कवितेत मात्र चष्मा होता. मोडलेल्या काडीला दोरा बांधलेला, तो बोटाने वर सारत आई वीजबिल वाचते, एवढंच. ती कविता लिहिणाऱ्याचं नाव मी विसरले, दोरा काळा होता हे विसरले नाही.

विषय दिलेल्या स्पर्धेत फसायला होतं ते इथेच. शब्द पुढे येतो, 'माहेर', आणि आपण त्या शब्दाभोवती आधीच जमलेलं सगळं उचलतो. आयोजकांनी विषय दिला म्हणजे तो शब्द कवितेत यायलाच हवा असंही नसतं, त्यांचा तसा नियम नसेल तर. तुमच्या मधल्या ओळींत 'माहेर' हा शब्द एकदाही आलेला नाही. तो फक्त त्या शेवटच्या दोन ओळींत आहे, आणि तिथेच कविता सैल पडली. म्हणून पाठवताना शीर्षकही 'माहेर' देऊ नका. तो विषय झाला. शीर्षक 'सही' ठेवून बघा.

मुलाने करून दिलेली कविता बाजूला ठेवा. त्याने प्रेमाने केलं, त्याला रागावू नका. पण तुमच्या स्पर्धेच्या नियमांत 'स्वरचित' असं लिहिलेलं असणार, आणि तुमच्या नावाखाली ती जाऊ देणं बरोबर नाही. दुसरं, तुमच्या चहात चमचाभर जास्तीची साखर होती. त्या यंत्राने ती काढून वाफ आणि नाती घातली. काय गेलं ते तुम्हाला वाचताक्षणी कळलंय, मी वेगळं सांगायला नको. आणि मुक्तछंद म्हणजे सैलपणा नव्हे, तिथेही ओळ कुठे तोडायची ते कान सांगतो. 'मी सही केली. तीच,' इथे तुम्ही ओळ तोडलीत ती अगदी जिथे श्वास अडतो तिथे. ब्लाउजची कटोरी कुठे वळवायची ते जसं हाताला कळतं, तसंच हे.

भाचीचं मात्र मला खरंच महत्त्वाचं वाटतं. तिला ही कविता समूहात अचानक दिसू नये. आदल्या दिवशी तिला फोन करा. परवानगी मागायला नाही. आत्या म्हणून सांगायला, की मी हे लिहिलंय, तुझे बाबा यात आहेत, आधी तू वाच. तुमच्या तोंडून ऐकलेलं आणि चारचौघांत समोर आलेलं यात फार फरक असतो. ती चिडेल, गप्प बसेल, किंवा विचारेल की पाटीची गोष्ट खरी का. तिला तिच्या बापाची ही बाजू कुणी सांगितली असेल का, कोण जाणे. तिला कविता वाचून त्रास झाला तर ऐकून घ्या, आणि तेव्हाही पाठवावीशी वाटली तरच पाठवा. पाठवावीशी वाटली नाही तर या महिन्यात राहू द्या. समूह पुढच्या महिन्यात दुसरा विषय देईल, कविता कुठे जात नाही.

पाठवलीत तर खाली काय येईल त्याचीही तयारी ठेवा. 'भावस्पर्शी', 'अप्रतिम ताई', जोडलेले हात हे येईलच. पण कुणीतरी नक्की लिहील, 'असल्या भावाला काय म्हणावं', किंवा वहिनीवर घसरेल. त्या वेळी गप्प राहू नका. एवढंच लिहा, 'माझ्या दादाबद्दल असं बोलू नका.' भाची तेही वाचेल. आणि परीक्षकांना अष्टाक्षरीच आवडली, तुमच्या कवितेला उत्तेजनार्थही मिळालं नाही, तर वाईट वाटेल. वाटू द्या. सन्मानपत्रावर नाव छापून येण्यात आनंद आहे, मी तो कमी लेखत नाही, तीनदा तुम्ही तो घेतलाय. या वेळी तुम्ही मागताय ते निराळं आहे, आणि ते परीक्षकांच्या हातात नाही.

थोडं सहीविषयी, कारण ती कवितेपुरती नाही. तुमचं लग्न ९३ सालचं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. म्हणजे तुम्ही अगदी काठावरून बाहेर राहिलात. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद काढून टाकला. लग्न कधी झालं हे मग बघायचं राहिलं नाही. गावोगावच्या भावांना बहिणींच्या सह्यांची गरज जास्तच पडू लागली ती त्यानंतर. दादाच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, पण तुम्हाला बोलावलं तेव्हा तुमचा हक्क खरोखरचा होता, आणि तो काय होता हे समजावून न सांगता सही घेणं चूकच होतं. हे तुमच्या मनात स्पष्ट असू द्या. त्यावर आज काही करायचं की नाही हा तुमचा प्रश्न. करायचं असेल तर दिवाणी कामं बघणाऱ्या वकिलाला दस्ताची प्रत दाखवा, कारण अशा दाव्यांना मुदत असते आणि २००९ ला बरीच वर्षं झाली. ते कवितेत मिसळू नका. मिळकत हवी असेल तर ती मिळकत म्हणून मागा, ताठ मानेने.

मला वाटतं तुम्हाला मिळकतीपेक्षा दादाने एकदा 'तू का बोलली नाहीस' असं विचारायला हवंय. पत्रात तुम्ही लिहिलंत, तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. किती वर्षं झाली तुम्ही दोघं एकमेकांशी तेवढंच न बोलता राहिलात. कविता त्याच्यापर्यंत गेली आणि त्याचा फोन आला, तर उचला. रागाचा असला तरी उचला.

आता कामाचं. शेवटच्या दोन ओळी कापल्यावर कविता चहावर थांबेल. एक रात्र तशीच ठेवा, सकाळी मशीनवर बसण्याआधी वाचा. तुम्हाला ती अर्धवट वाटेल, काहीतरी जोडावंसं वाटेल. जोडू नका. टंकताना समूहाचे नियम पुन्हा बघा, ओळी मोजा, नाव आणि गाव खाली लिहा. गाव म्हणजे चिंचवड, माहेरचं नको.

आणि अष्टाक्षरी फाडू नका. तिच्यातली तुळस काढून तिथे शेवगा लावा. 'दारातला शेवगा तो', बघा, आठच अक्षरं होतात. त्याच्या शेंगा कोण काढायचं, आमटीला कुणाच्या ताटात जास्त पडायच्या, फांदी कशी कडकन मोडते म्हणून आई त्यावर चढू देत नसे का, हे सगळं तुमच्याकडे आहे. ती झाली की मला पाठवा. तिला सोळा ओळींची अट नाही आणि पाच दिवसांची मुदतही नाही.

तुमची,
ताई